भूल कमी पडते ती काठांवर: ८१ वर्षांच्या रुग्णाच्या स्तन-शस्त्रक्रियेचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ८१ वर्षांच्या, वजन ४२ किलो, जत तालुक्यातल्या एका वाडीवरच्या. ओळख लपवण्यासाठी इथे त्यांना फक्त आजी म्हटलं आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून जत-कवठेमहांकाळकडचं दुखणं मिरज-सांगलीलाच येतं. आजीही तशाच सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात आल्या.

डाव्या स्तनात, बाहेरच्या खालच्या बाजूला चार सेंटिमीटरची गाठ आणि काखेत हाताला लागणाऱ्या दोन गाठी. बायोप्सीत कॅन्सर निघाला, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा. वय आणि हृदयाची स्थिती पाहून आधी लेट्रोझोल या हार्मोन कमी करणाऱ्या औषधाची रोज एक गोळी सुरू केली होती. पहिले चार-पाच महिने गाठ आक्रसली, मग पुन्हा वाढू लागली आणि वरची कातडी लाल, ताणलेली दिसू लागली. कातडी फुटली तर वास, स्राव आणि रोजचं ड्रेसिंग मागे लागणार होतं. तेही वाडीवर, जिथे ड्रेसिंगला माणूस मिळणं कठीण. म्हणून स्तन आणि काखेतल्या खालच्या दोन पातळ्यांच्या गाठी काढायचं ठरलं.

तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन स्टेंट बसलेला. इकोत हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के. जन्मभर चुलीपुढे बसल्यामुळे फुप्फुसं धुरकटलेली: स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदाचा उच्छ्वास अपेक्षेच्या ४४ टक्के, ऑक्सिजन न लावता बोटावरचं रीडिंग ९१. क्रिएटिनिन १.३, हिमोग्लोबिन १०.२. दोन्ही खांद्यांत संधिवात. कानाला यंत्र. आणि केस पेपरवर कुठेच न लिहिलेली एक गोष्ट: आजी घरी कानडी बोलतात. मराठी समजते, पण दुखलंखुपलं सांगायची भाषा कानडी. जतच्या पूर्व भागात हे अगदी नेहमीचं आहे, आणि नेमकं म्हणूनच ते कुणाच्या डोक्यात येत नाही.

अडचण

पूर्ण भूल दिली तर नंतर श्वासनळीतली नळी निघेल का, व्हेंटिलेटरवर किती दिवस जातील, हा पहिला प्रश्न. फक्त जागा बधिर केली तर नव्वद मिनिटं एका बाजूला हात पसरून, तोंडाजवळ कापड घेऊन त्या निजून राहतील का, हा दुसरा.

तिसरी अडचण तपासणीच्या दिवशी कळली. मुलगा म्हणाला, "रक्त पातळ करायची गोळी आठ दिवसांपासून बंद आहे." पिशवीतली पाकिटं उलटी करून पाहिली. बंद केली होती ती रक्तदाबाची अ‍ॅमलोडिपिन. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (ही दोन रक्त पातळ करणारी) आणि कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन ही तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये होती आणि ती कॅप्सूल आदल्या रात्रीही घेतली होती. अशा जोड-कॅप्सूल आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. "ती गोळी बंद करा" असं तोंडी सांगितलं तर घरचे आपापल्या अंदाजाने कुठली तरी बंद करतात.

पर्याय

नुसती हार्मोनची गोळी चालू ठेवणं हा पर्याय गाठ वाढल्यामुळे आधीच बाद झाला होता.

पूर्ण भूल, घशात लॅरिंजियल मास्क (श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणारं साधन), श्वास स्वतःचा आणि जोडीला नसांजवळ औषध देऊन दुखणं थांबवणारा ब्लॉक: अनेक ठिकाणी हेच केलं जातं आणि त्यात गैर काही नाही. ब्लॉकवाल्या मंडळींना पूर्ण भूल शत्रूसारखी वाटू लागते, तसं ती नाही. इथे ती राखीव ठेवली. तीन नंबरचा मास्क उघडून ठेवला, झोपवणारं इटोमिडेट भरून ठेवलं, आयसीयूत खाट धरून ठेवली आणि उपासही पूर्ण भुलेसारखाच पाळला: अन्न सहा तास, पाणी दोन तास.

छातीच्या पातळीवरची स्पायनल अलीकडे बरीच ऐकू येते. औषध थोडं, सुई एकच, यंत्र लागत नाही. पण ती दोन्ही बाजूंनी काम करते. टी १ ते टी ४ (छातीच्या मणक्यांच्या वरून पहिल्या चार) या पातळ्यांतून हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसा निघतात, आणि पंपिंग ३५ टक्के असताना त्या दोन्हीकडून बंद करण्यात फारसं शहाणपण नव्हतं. शिवाय त्या पातळीवर सुईच्या टोकापुढे मज्जारज्जू असतो. एपिड्युरलबाबतही रक्तदाबाचं हेच गणित.

पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक एका बाजूचा असतो. ह्युगो झेलहाइम यांनी तो १९०५ साली पहिल्यांदा दिला, १९७९ मध्ये ईसन आणि वायट यांनी तो पुन्हा प्रचारात आणला. मणक्याच्या बाजूला, प्ल्युराच्या (फुप्फुसावरच्या पातळ आवरणाच्या) अगदी वर औषध सोडायचं, म्हणजे त्या बरगडीची नस मुळाशीच बधिर होते. धोका प्ल्युरा टोचली जाण्याचा, आणि असं फुप्फुस असताना हवा भरली तर ती चूक महाग पडते. हा ब्लॉक खोल, तिथे रक्तस्राव झाला तर दाबून थांबवता येत नाही. म्हणून क्लोपिडोग्रेल बंद करण्याचे नियम स्पायनलसारखेच पाळावे लागतात.

राफाएल ब्लँको यांनी २०११-१२ मध्ये मांडलेले, छातीच्या स्नायूंमध्ये औषध सोडायचे पेक्स ब्लॉक वरवरचे असतात, सुई दिसते, दाबता येतं, रक्त पातळ करणारं औषध चालू असतानाही जमतात. पण एकट्या पेक्सवर संपूर्ण स्तन आणि काख काढणं अवघड. छातीच्या हाडालगतचा भाग त्यात सुटतो.

क्लोपिडोग्रेल चालू असताना उद्याच्या उद्या फक्त पेक्सवर निभावायचं, की सात दिवस थांबून पॅराव्हर्टिब्रल करायचा? गाठ आठवड्याने काही बदलणार नव्हती. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून कॅप्सूल बंद केली आणि त्याजागी ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन व स्टॅटिन वेगवेगळ्या गोळ्यांत चालू ठेवली. स्टेंट असताना अ‍ॅस्पिरिनही थांबवणं परवडलं नसतं.

आणखी एक मुद्दा, कारण नातेवाईक हल्ली मोबाईलवर वाचून येतात. "ब्लॉक दिला तर कॅन्सर परत येत नाही म्हणे," असं सुनेने विचारलं. पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक आणि नेहमीची भूल यांची तुलना करणारा दोन हजारांवर महिलांचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा उद्भवण्याच्या प्रमाणात त्यात फरक आढळला नाही. इथे ब्लॉक निवडला तो फुप्फुसांसाठी आणि हृदयासाठी, कॅन्सरसाठी नव्हे. सुनेला हे स्पष्ट सांगितलं.

नसांचा नकाशा आणि औषधाचा हिशेब

स्तनाचा मधला भाग बधिर करणं सोपं असतं. भूल कमी पडते ती काठांवर, कारण प्रत्येक काठाची नस वेगळी.

बाहेरचा आणि मधला भाग टी २ ते टी ६ या नसांच्या बाजूच्या फांद्यांकडे. छातीच्या हाडालगतचा काठ त्याच नसांच्या पुढच्या फांद्यांकडे, आणि उजव्या बाजूच्या फांद्याही मध्यरेषा थोडी ओलांडून येतात. गळपट्टीच्या हाडाखालची पट्टी मानेतून, सी ३-सी ४ मधून उतरणाऱ्या नसांची. काख आणि दंडाची आतली बाजू टी २ च्या इंटरकोस्टोब्रेकियल नसेची. छातीच्या स्नायूंच्या पेक्टोरल नसा येतात ब्रेकियल प्लेक्ससमधून, हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यातून. कातडीशी त्यांचा संबंध नाही, पण सर्जनने स्नायू ओढला की कळ त्यांच्यातून जाते.

आता वजन ४२ किलो. जागा बधिर करणाऱ्या रोपिवाकेन या औषधाची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम धरली तर १२६ मिलिग्रॅम. वय आणि हृदय पाहून ती दहा-वीस टक्क्यांनी खाली आणावी लागते. ०.७५ टक्क्यांच्या २० मिलीच्या एका कुपीतच १५० मिलिग्रॅम असतात, म्हणजे एक कुपी पुरती रिकामी केली तरी आजींच्या मर्यादेबाहेर गेलो. १०५ मिलिग्रॅम ठरवले, कुपीतले १४ मिली. उरलेले ६ मिली टेबलावरून हलवले.

त्यातले ८ मिली घेऊन सलाईनने १२ मिली केले, ०.५ टक्के, ६० मिलिग्रॅम, पॅराव्हर्टिब्रलसाठी. बाकीचे ६ मिली १२ मिली सलाईनमध्ये मिसळून १८ मिली, ०.२५ टक्के, ४५ मिलिग्रॅम. त्यातले ४ मिली छातीच्या दोन स्नायूंच्या मधे, १० मिली धाकटा पेक्टोरल आणि बरगड्यांवरचा सेरेटस या स्नायूंच्या मधे, ४ मिली गळपट्टीच्या हाडाखाली.

हे शेवटचे ४ मिली मानेत न देता हाडाखाली कातडीच्या आत पसरवले. मानेतला ब्लॉक थोडा खोल गेला तर फ्रेनिक नस बंद होऊन श्वासपटलाची एक बाजू थांबते. आजींना तेवढी चैन नव्हती.

प्रत्यक्षात काय केलं

संमती मुलाची नाही, आजींची घेतली. मुलाचं म्हणणं होतं, "पूर्ण झोपवूनच करा, तिला भीती वाटंल." आजींचा प्रश्न निराळाच होता: छाती उघडी असताना पुरुष माणसं दिसणार का. मधे कापडाचा पडदा असेल आणि सिस्टर उशाशी बसेल हे सांगितल्यावर त्या तयार झाल्या.

सकाळी ९.४० ला ब्लॉक सुरू. हातात सलाईन, मॉनिटर, नाकातून २ लिटर ऑक्सिजन आणि त्याच नळीतून कार्बन डायऑक्साइडचं रीडिंग. बधिर करणारं औषध रक्तात जास्त झालं तर उतारा म्हणून २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन खोलीत, आणि फळ्यावर आकडा लिहिलेला: पहिला डोस किलोला दीड मिली, म्हणजे ६३ मिली, दोन-तीन मिनिटांत. गरज पडली तर त्या क्षणी गुणाकार करायला कुणाचं डोकं चालत नाही.

आजींना बसवून, पुढे उशी देऊन, पाठ बाकदार करून घेतली. त्यांची पाठ तशीही वाकलेली, आणि कुबड असलं की मणके बोटाने मोजणं फसतं. म्हणून सोनोग्राफीने पहिल्या बरगडीपासून खाली मोजत टी २ आणि टी ४ शोधले. अशा कृश अंगात मणक्याचा आडवा भाग दोन-सव्वादोन सेंटिमीटरवरच मिळतो. लांब सुईची सवय असलेला हात इथे सहज खोल जातो. प्रत्येक पातळीवर मागे ओढून रक्त वा हवा येत नाही हे पाहून, तीन-तीन मिलीच्या हप्त्यांत ६ मिली. औषध जाताना प्ल्युरा खाली दबताना दिसली, तीच खूण. मग उताणं निजवून पेक्स. सुई वरून, गळपट्टीच्या बाजूने घातली. गाठ खाली आणि बाहेर असल्याने सुईचा मार्ग तिच्यापासून लांब राहिला.

एक व्यावहारिक बाब. सोनोग्राफी यंत्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली ज्या जागी नोंदलेलं असतं, तिथलंच वापरायचं. सांगलीत चार रुग्णालयांत फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला स्वतःचं यंत्र गाडीत घालून हिंडता येत नाही. म्हणून ब्लॉक ठरवताना औषधाआधी रुग्णालयात छोटा लिनियर प्रोब आहे का हे विचारावं लागतं.

१०.०५ ला ब्लॉक संपला. वीस मिनिटांनी वरचा रक्तदाब १३८ वरून ९६ वर आला. रक्तदाब वाढवणारं फिनाइलएफ्रिन ५० मायक्रोग्रॅम दोनदा दिलं, ११५ वर स्थिरावला. १०.३० ला स्पिरिटच्या बोळ्याने आणि टाचणीने तपासणी झाली: काखेच्या पुढच्या रेषेवर टी १ ते टी ६ पूर्ण बधिर. सर्वांना समाधान वाटलं. इथेच चूक झाली होती.

गुंगीसाठी मिडॅझोलाम टाळलं, म्हाताऱ्या माणसांत त्याने गोंधळ वाढतो. डेक्समेडेटोमिडिन, सुरुवातीचा मोठा डोस न देता, किलोला ताशी ०.३ मायक्रोग्रॅम: २०० मायक्रोग्रॅम ५० मिलीत घालून ताशी साधारण ३ मिली. गुडघ्याखाली उशी, अंगावर गरम पांघरूण, कानातलं यंत्र तसंच ठेवलेलं, टेबलावर घेण्याआधी लघवी. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ब्लॉक उत्तम असूनही रुग्ण चुळबुळ करत असेल तर निम्म्या वेळा कारण तेच निघतं.

तोंडावरचं कापड उंच बांधून बाजूने मोकळं ठेवलं. कापडाखाली ऑक्सिजन साठला आणि वर कॉटरी (विजेने कापणारं, रक्त थांबवणारं हत्यार) चालली तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. आजींना तसाही ९० ते ९३ एवढाच ऑक्सिजन पुरे होता.

११ वाजून १० मिनिटं

१०.४५ ला चीर. बाहेरची बाजू आणि वरचा पदर विनातक्रार. ११.१० ला सर्जन छातीच्या हाडाजवळच्या काठावर आले आणि नाडी ६८ वरून ९२, रक्तदाब १७२ झाला. आजी काहीच बोलल्या नाहीत. पायाची बोटं मात्र आवळलेली. "आजी, दुखतंय का?" असं मराठीत दोनदा विचारलं, त्यांनी मान हलवली. होय की नाही, कळेना. मग ओटीतली एक सिस्टर, मूळची विजापूरकडची, उशाशी आली आणि कानाशी वाकून कानडीत "ब्यानी" हा शब्द घालून विचारलं. आजी भराभर बोलू लागल्या. मधोमध सुया टोचताहेत, कधीच्या, पण डॉक्टरांना त्रास नको म्हणून गप्प होत्या.

आता काय? गुंगी वाढवायची, तर श्वास मंदावणार आणि दुखणं तसंच राहणार. ब्लॉकमधली फट गुंगीने बुजवणं हा वृद्ध रुग्णांतला सर्वांत फसवा मार्ग आहे. थोडं थोडं करत आपण हवेचा मार्ग हातात नसलेल्या पूर्ण भुलेपर्यंत पोहोचतो. पूर्ण भूल द्यायची तर मास्क तयार होता, पण अडचण एका चार बोटांच्या पट्टीपुरती होती.

सर्जननी परिचारिकेकडे हात केला. तिच्याकडे २० मिलीची सिरिंज भरलेली होती: २ टक्के लिग्नोकेन, तेही बधिर करणारंच, अ‍ॅड्रेनॅलिनसह. नेहमीच्या सवयीने भरलेली. म्हणजे ४०० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम धरली तरी आजींसाठी २९४. म्हणजे रोपिवाकेन दिलंच नसतं तरी ती सिरिंज जास्त होती. आणि दोन औषधांची विषाक्तता वेगवेगळी मोजायची नसते, बेरीज करायची असते: १२६ पैकी १०५ वापरले, म्हणजे ८३ टक्के वाटा संपला. उरले १७ टक्के, लिग्नोकेनच्या भाषेत ५० मिलिग्रॅम.

भूलतज्ज्ञांनी सिरिंज थांबवली. २ टक्क्यांचे अडीच मिली घेऊन सलाईनने १० मिली केले, आणि सर्जननी ते हाडालगत दुसऱ्या ते सहाव्या बरगडीपर्यंतच्या जागांत वाटून दिले. चार मिनिटं सर्व हात थांबले. हे ५० मिलिग्रॅम देणंही वादाचं होतं, कारण वयामुळे मर्यादा खाली आणली होती ती यात पुन्हा वर गेली. पण ब्लॉकला तास उलटून गेला होता, रक्तातलं औषधाचं शिखर साधारण पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात येऊन जातं, आणि पूर्ण भुलेचा धोका त्याहून मोठा होता. पुढची वीस मिनिटं सिस्टर दर दोन मिनिटांनी औषध रक्तात जास्त झाल्याच्या खुणा कानडीत विचारत होती: तोंडाभोवती मुंग्या, जिभेला लोखंडाची चव, कानात वेगळा आवाज? हा प्रश्न कानडीत विचारू शकणारी सिस्टर त्या दिवशी ओटीत होती, हा योगायोग.

नंतर नाडी ७२. काखेत काम चालू असताना खांदा दुखतो म्हणाल्या. ते ब्लॉकचं नव्हतं, संधिवाताचं होतं. हात ९० अंशांवरून ७० वर आणला, कोपराखाली घडी ठेवली, थांबलं. स्नायूवर कॉटरी लागली की अंग उडायचं, तेवढ्यासाठी सर्जननी कॉटरीची ताकद कमी केली. काखेत थोरॅकोडॉर्सल आणि लाँग थोरॅसिक नसा चिमट्याने डिवचून, स्नायू हलतो का हे पाहून ओळखायची अनेकांची सवय असते. सेरेटसवरच्या औषधाने त्या नसा झोपलेल्या असू शकतात आणि स्नायू हलत नाही, म्हणून नस डोळ्यांनी ओळखूनच पुढे जायचं हे आधीच ठरलं होतं.

चिरेपासून टाक्यांपर्यंत ८५ मिनिटं. रक्तस्राव साधारण १५० मिली, सलाईन ६०० मिली.

परिणाम

रिकव्हरीत फुप्फुसांवर प्रोब ठेवून दोन्हीकडे प्ल्युरा सरकताना पाहिली. तासाभरात चहा. संध्याकाळी खुर्चीत. वेदनेसाठी दर आठ तासांनी शिरेतून ६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. ५० किलोखालच्या माणसाला सरधोपट एक ग्रॅमची बाटली लावायची नसते. मूत्रपिंड आणि हृदय पाहून सूज कमी करणारी वेदनाशामकं टाळली. दुखणं जाणवलं ते नऊ तासांनी, तेही बसताना. अफूजन्य औषध लागलं नाही.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास आजी ड्रेनची नळी ओढू लागल्या आणि कुणाचं ऐकेनात. गोंधळाची सुरुवात समजून इंजेक्शनची तयारीही झाली. पण कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं होतं. ते लावून मुलाला शेजारी बसवलं, शांत झाल्या. तिसऱ्या दिवशी ड्रेनसह घरी, नवव्या दिवशी ड्रेन काढला.

पुन्हा करायचं झालं तर

तपासणी काखेच्या रेषेवर झाली, म्हणजे जिथे ब्लॉक लागणारच होता तिथे. टाचणी चार ठिकाणी लावायला हवी: हाडाच्या कडेला दुसऱ्या ते सहाव्या बरगडीपर्यंत, गळपट्टीच्या हाडाखाली, काखेच्या खोबणीत आणि स्तनाखालच्या घडीत. १०.३० ला मधला काठ जागा आहे हे कळलं असतं, तर चिरेआधीच शांतपणे भरता आला असता.

त्याहून मोठा प्रश्न वाटणीचा. सेरेटसवर गेलेले १० मिली, म्हणजे २५ मिलिग्रॅम, पॅराव्हर्टिब्रलने आधीच बधिर केलेल्या बाजूच्या फांद्यांवरच पुन्हा खर्च झाले, आणि हाडालगतच्या काठाला एक थेंबही राखला नव्हता. दोन स्नायूंमधले ४ मिली पेक्टोरल नसांसाठी हवेतच. पण सेरेटसचे निम्मे करून ५ मिली हाडालगतच्या वरवरच्या ब्लॉकला दिले असते, तर ११.१० चा प्रसंग बहुधा आला नसता. याला दुसरी बाजू आहे. टी २ चा पॅराव्हर्टिब्रल फसला असता तर काख सेरेटसनेच वाचवली असती, आणि टीममधल्या एका भूलतज्ज्ञांचं मत अजूनही तेच आहे. दोन्ही बाजू ऐकूनही कल निम्मे करण्याकडे, कारण काख फसली तर ती तपासणीतच कळते.

सर्जनच्या ट्रॉलीवरचं लिग्नोकेन भूलतज्ज्ञाच्या हिशेबात धरायचं, ही गोष्ट चिरेआधीच्या चर्चेत एका वाक्याने झाली असती. आता त्या ओटीत फळ्यावर वजनाशेजारी दोन आकडे लिहिले जातात: किती मिलिग्रॅम दिले, किती उरले. सिरिंज भरणारी सिस्टर तो उरलेला आकडा पाहून भरते.

केस पेपरवर वय, वजन, रक्तगटाच्या ओळीतच "घरी कोणती भाषा" हा रकाना वाढला. कानडी, बंजारा, उर्दू, जे असेल ते.

कॅप्सूल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ड्रेनमधलं रक्त उतरल्यावर, पुन्हा सुरू केली. घरी पाठवताना रिकामं पाकीटच कार्डाला स्टेपल केलं आणि खाली मराठीत व कानडीत लिहिलं: ही एक कॅप्सूल म्हणजे तीन औषधं आहेत, आम्हाला विचारल्याशिवाय थांबवू नका.